मदत हवी आहे : पोर्शे ९११चे ऑप्शन्स (जादा पैसे देऊन घ्यायच्या सुविधा)
गाडी लवकरच बुक करायची असून सर्व कर धरून ऑप्शन्ससाठी १५ लाखच शिल्लक आहेत. दादरच्या आमच्या इमारतीच्या तळघरात उतरताना ट्रायलच्या गाडीचा पुढचा बंपर खालून घासला; त्यामुळे नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी फ्रंट ॲक्सल लिफ्ट नक्की घेणार, कारण ती नंतर बसवणे व्यवहार्य नाही. सिरॅमिक ब्रेक वगळले आहेत. वांद्र्याच्या वाहतुकीत ते मिरवण्यापुरतेच. उरलेल्या रकमेत रिअर-ॲक्सल स्टिअरिंग (मागची चाकेही थोडी वळवणारी यंत्रणा) किंवा स्पोर्ट्स एक्झॉस्ट (दमदार आवाजाचा सायलेन्सर), यांपैकी एकच बसते. वापर रोजचा, क्वचित पहाटे लोणावळ्यापर्यंत, ट्रॅकवर नाही. ट्रायलच्या गाडीत दोन्ही होते, म्हणून तुलना करता आली नाही. ज्यांनी मागची चाके वळणारी आणि न वळणारी, अशा दोन्ही ९११ चालवल्या आहेत, त्यांना अरुंद पार्किंगमध्ये फरक खरोखर जाणवला का?