सिंदबादचा जुना सिनेमा: पोरांना आधी कोणता दाखवू?

प्रश्न: सुट्टीला भाचरं आलीत सोलापूरला. दुपारी उन्हात बाहेर सोडवत नाही. सिंदबाद दाखवायचाय. सांगाड्याला घाबरतील का?

उत्तर: ताई, १९५८ चा 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' लावा. एका डोळ्याचा, शिंगाचा, बकरीच्या पायांचा राक्षस बघाच! रे हॅरीहाउसेननं बाहुली तसूतसू हलवून एकेक फ्रेम टिपलीय, म्हणून चाल जराशी अडखळते. मला तीच जिवंत वाटते. आजच्या कॉम्प्युटरी राक्षसांना वजनच नसतं. सांगाडा एकच आहे, तलवारीनं लढतो. पोरं टाळ्या पिटतील.

दुसरं उत्तर: मग १९७३ चा 'गोल्डन व्हॉयेज'. त्यात सहा हातांची कालीची मूर्ती लढते.

प्रश्नकर्ती: आजच लावते. कडक भाकरी, शेंगाचटणी देऊन बसवते सगळ्यांना.