मदत हवी आहे: माइशिंगन सिंडेलफिंगनमध्ये कसं गेलं?

मंडळी, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ माइशिंगनला राहतो पण पत्त्यात सिंडेलफिंगन लिहावं लागतं, कारण १९७१ मध्ये हे गाव त्या शहरात विलीन झालं. ही विलीनीकरणं सुरू होण्याआधी आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ३,३७९ गावपालिका होत्या, १९७५ पर्यंत १,१११ उरल्या, आणि आपणहून विलीन होणाऱ्यांना सरकार जास्त पैसे द्यायचं (आमिषच की!). शेजारच्या आजी मात्र अजूनही "सिंडेलफिंगनला जाऊन येते" म्हणतात जसं काही परगावीच चालल्यात. लेकीचा यावर शाळेचा प्रोजेक्ट आहे, तर जुन्या गावपालिकेच्या मीटिंगची इतिवृत्तं कुठे बघायला मिळतील, शहराच्या अभिलेखागारात की लुडविग्सबुर्गला राज्याच्या अभिलेखागारात? आणि त्याआधीचे हाताने लिहिलेले कागद जुन्या जर्मन वळणाचे असतात, ते कोणाला वाचता येतात का?