नर्सिंगच्या विद्यार्थिनींना लस आणि तपासण्या सक्तीच्या असाव्यात का?

सुलभा_स्टाफनर्स

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश झाले की फाइलला एक फिटनेस सर्टिफिकेट लागतं. बऱ्याच मुली ते गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून आणतात. छातीला स्टेथोस्कोप न लावताच सही-शिक्का मिळतो, कॉलेज कागद फाइलला लावतं आणि काही महिन्यांत तीच मुलगी मेडिसिन वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी असते. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या आजाराची लस तिने घेतली आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं असं: हिपॅटायटिस बीचे पहिले दोन डोस झाल्याशिवाय मुलीच्या हातात सुई देऊ नये. तिसरा डोस सहाव्या महिन्याला आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आली त्याची तपासणी. तो १० च्या खाली आला तर पुन्हा कोर्स. लस न घेतलेल्या मुलीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे, तरी वॉर्डात सगळी भीती एचआयव्हीचीच. सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचायला २०११ उजाडलं. त्यामुळे आता शिकणाऱ्या कित्येक मुलींना ती लहानपणी मिळालेलीच नाही. मिळाली असली तरी कार्ड घरात सापडत नाही.

भास्कर_परभणी

ताई, माझा लशीला विरोध नाही, सक्तीला आहे. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. सक्ती म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. नोटीस लागते, मुदत आठ दिवसांची. लस बाहेरून घ्या, टायटर खासगी लॅबमध्ये करा, पावती जोडा, नाहीतर पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली ड्युटी नाही. पोस्टिंग नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे परीक्षा नाही. कोरडवाहू शेतीवर घर चालवणाऱ्याचे हात फी भरतानाच टेकलेले असतात.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीच्या खटल्यात सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. शिवाय जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम वाचा. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. वापरलेल्या सुया डब्यात टाकायचं काम विद्यार्थिनीच करतात ना? मग सक्ती रुग्णालयावर करा.

सुलभा_स्टाफनर्स

भास्करदादा, त्याच निकालात सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालायला वाव ठेवलेला आहे. खर्चाचं मात्र पूर्ण मान्य, मुलीकडून एक रुपया घेऊ नये. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देण्याची तरतूद आहे. कॉलेजने यादी करून जिल्ह्याकडे मागणी करावी. पण पैशाचा वाद मिटेपर्यंत मुलींनी लशीविना सुया हाताळाव्यात, हे मला पटणार नाही.

मीरा_के

लशीवर सगळे बोलताहेत, तपासणीवर कुणीच नाही. माझ्या भाचीची प्रवेशाच्या वेळी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. बहुधा जन्मतः आईकडून आलेलं. तिला कसलाही त्रास नव्हता, लिव्हरचे रिपोर्ट चांगले होते. कॉलेजने लेखी काहीच दिलं नाही. फक्त "दुसरा कोर्स बघा" असं वडिलांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर झालं होतं.

एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्याने शिक्षणासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला बंदी आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या मुलीला असा कायदा नाही. वास्तविक औषधं आणि नेहमीची खबरदारी घेऊन अशी नर्स आयुष्यभर काम करू शकते. म्हणून मी सक्तीच्या तपासणीच्या ठाम विरोधात आहे. मुलीला बाहेर काढायला ती फार सोपी पडते.

एनआयसीयू_सिस्टर

मीराताई, भाचीवर झाला तो अन्यायच. पण या चर्चेत रुग्ण कुठे आहे? कांजिण्या अंगावर यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. मुलगी तशीच नवजात बाळांच्या कक्षात किंवा केमोथेरपीच्या वॉर्डात ड्युटी करून गेली तर? कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे ती आपोआप मिळालेली नसते. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळांमधून झाली, तीही काहींची चुकली. ज्या आईचं बाळ १२०० ग्रॅमचं आहे, तिला "आमच्याकडे लस ऐच्छिक आहे" असं मी सांगू शकत नाही. ज्या मुलीला घ्यायची नाही तिने अशा कक्षात येऊ नये.

इन्फेक्शन_कंट्रोल_सांगली

क्षयरोगाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. प्रवेशाच्या वेळी एक छातीचा एक्स-रे काढून कॉलेजं मोकळी होतात. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला होता, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्यांमध्ये क्षयरोगाचा सुप्त संसर्ग (जंतू अंगात, पण आजार नाही) सापडला. जितकी नोकरी जास्त, तितकं प्रमाण जास्त. म्हणजे रोग मुलगी घरून घेऊन येत नाही, तो तिला वॉर्डात लागतो. पहिल्या दिवसाचा एक्स-रे तिला वाचवत नाही. बहुतेकींना बीसीजी ही क्षयरोगाची लस दिलेली असते. तिच्यामुळेही माँटू टेस्ट (कातडीत टोचून करायची क्षयरोगाची चाचणी) पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबता येत नाही.

मला सक्ती हवी ती उलट्या दिशेने, कॉलेज-रुग्णालयावर. एन-९५ मास्क, उघडणाऱ्या खिडक्या, वर्षातून एकदा तपासणी आणि दोन आठवडे खोकला असलेल्या मुलीची थुंकी त्याच आठवड्यात तपासणं. एका खोलीत सहा जणी, पाठोपाठ नाइट ड्युटी आणि मेसचं पातळ वरण. यात वजन उतरलं तरी कुणाचं लक्ष जात नाही.

सुलभा_स्टाफनर्स

मीराताई, तपासणीचा निकाल प्राचार्यांच्या टेबलावर जाताच कामा नये. तो फक्त मुलीला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळावा आणि त्यावरून प्रवेश रद्द करता येणार नाही, असं प्रवेशपत्रातच छापावं. तरी लशीच्या सक्तीवर मी ठाम आहे.

मीरा_के

छापून आलं की बोलू. तोवर माझा विरोध कायम.

भास्कर_परभणी

मुलीचा एकच डोस झालाय आणि सोमवारपासून सर्जिकल वॉर्ड आहे. मध्येच सुई टोचली तर नेमकं काय करायचं?

इन्फेक्शन_कंट्रोल_सांगली

दादा, दुसऱ्या डोसला उशीर झाला असेल तर आजच द्या, कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही. सुई टोचली तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, स्पिरिट लावायचं नाही. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. रुग्णाचं रक्त तपासायला लावायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी लागली तर दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रुग्ण हिपॅटायटिस बीचा निघाला तर तिचा कोर्स अपुरा असल्यामुळे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल, शक्यतो २४ तासांत, आणि सोबत लशीचा डोस. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हे तिला सोमवारी निघण्याआधी सांगा. आणि टोचलंच तर रजिस्टरमध्ये नोंद करून घ्यायची, कुणी "राहू दे" म्हटलं तरी.