मदत हवी आहे: विभागवार खाटांचे आकडे जुळत नाहीत

सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या पाच भौगोलिक विभागांच्या खाटांचा तुलनात्मक तक्ता करतोय. प्रत्येक रुग्णालयाच्या मंजूर खाटा, वर्षभरातल्या भरती आणि रोज मध्यरात्रीची रुग्णसंख्या हाताशी आहे. पण दर हजार लोकसंख्येमागे ज्या विभागात सर्वांत जास्त खाटा दिसतात, तिथूनच सर्वांत जास्त रुग्ण बाहेर रेफर होतात. एका रुग्णालयाचा खाटांचा वापर (मध्यरात्रीची सरासरी रुग्णसंख्या भागिले खाटा) तर १०८ टक्के येतोय. सूत्र चुकलंय की माहिती?

प्रतिसाद १
सूत्र ठीक असणार, भाजक तपासा. मंजूर खाटा म्हणजे कागदावरच्या खाटा. नर्स नाहीत किंवा वॉर्ड दुरुस्तीला काढलाय म्हणून बंद असलेल्या खाटाही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे 'मंजूर', 'मांडलेल्या' आणि 'मनुष्यबळासह चालू' असे तीन रकाने करा आणि तुलना फक्त तिसऱ्यावर करा. चालू खाटा रोज बदलतात, तेव्हा वर्षाचे एकूण खाट-दिवस (एक खाट एक दिवस चालू म्हणजे एक खाट-दिवस) मागवा.

१०८ टक्क्यांचं कारण बहुतेक वेळा हे असतं: जादा टाकलेल्या गाद्यांवरचे रुग्ण मोजले जातात, गाद्या मोजल्या जात नाहीत. निरोगी नवजात बाळांचंही तसंच. बाळ रुग्णसंख्येत आणि पाळणा खाटांबाहेर, असं झालंय का ते बघा. उलट डे-केअरचा रुग्ण संध्याकाळीच घरी जातो, मध्यरात्रीच्या मोजणीत तो येतच नाही. त्या खाटा वेगळ्या काढा, नाहीतर वापर उगाच कमी दिसेल.

प्रतिसाद २
वापराच्या टक्केवारीवर थांबू नका. समजा २०० चालू खाटा, १२,००० भरती आणि सरासरी मुक्काम ४.५ दिवस. व्यापलेले खाट-दिवस ५४,०००, उपलब्ध ७३,०००, म्हणजे वापर ७४ टक्के. उरलेल्या १९,००० ला १२,००० ने भागा: दोन रुग्णांच्या मध्ये खाट सरासरी १.६ दिवस रिकामी राहते. हा आकडा शून्याजवळ गेला की आलेल्या रुग्णाला व्हरांड्यात थांबावं लागतं.

८५ टक्के वापर धरून नियोजन केलं तर याच कामाला साधारण १७४ खाटा लागतील. मात्र ८५ हा आकडा सगळीकडे लावू नये. ३० खाटांच्या रुग्णालयात पाच-सहा रुग्ण एकदम आले की सगळं भरतं, तिथे जास्त मोकळीक ठेवावीच लागते.

धागाकर्ता
आभारी आहे. मग रेफर होणाऱ्यांचं काय?

प्रतिसाद १
एकूण बेरीज तिथेच फसवते. प्रसूती वॉर्डातली रिकामी खाट व्हेंटिलेटर लागणाऱ्याच्या कामाची नाही. अतिदक्षता, बालरोग, प्रसूती आणि सर्वसाधारण असे वेगळे तक्ते करा. भरतीच्या नोंदीत रुग्णाचा राहता विभाग असेल तर कोण कुठून कुठे जातो ते उभ्या-आडव्या तक्त्यात मांडा. मोठं रुग्णालय असलेला विभाग शेजारच्यांचेही रुग्ण घेतो, त्यामुळे फक्त स्वतःच्या लोकसंख्येने भागलं की तो श्रीमंत दिसतो.

रेफरच्या नोंदवहीत 'खाट नाही' आणि 'तज्ज्ञ नाही' ही कारणं वेगळी लिहिलेली आहेत का, ते सर्वांत आधी पाहा. दुसरं कारण जास्त असेल तर खाटा वाढवून रेफर कमी होणार नाहीत.