थोरल्याला दुप्पट, की सगळ्यांना सारखं? जुन्या अमेरिकेतल्या शेतीच्या वाटण्या

भालचंद्र_आ

अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला बंदरात बुडवलेला चहा आठवतो. माझ्या मते खरी उलथापालथ वारसाहक्कात झाली. इंग्लंडचा नियम असा की बाप मृत्युपत्र न करता गेला तर जमीन सगळी थोरल्या मुलाची. व्हर्जिनियात तोच चालू होता. वर जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवायची सोय, म्हणजे वारसाला ती विकताही येऊ नये. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने 1776 मध्ये ही बांधणी मोडली आणि 1785 च्या कायद्याने थोरल्याचा हक्कही काढला. मुलगा असो वा मुलगी, सगळ्यांना सारखं.

व्हर्जिनियाचेच पुढारी एडमंड पेंडलटन म्हणाले, निदान थोरल्याला दुप्पट हिस्सा तरी ठेवा. त्यावर जेफरसनचं उत्तर: थोरला दुप्पट जेवत असेल किंवा दुप्पट काम करत असेल, तर जरूर द्या!

जॉर्जियाने तर 1777 च्या घटनेतच सारखी वाटणी लिहून टाकली होती. ओहायो नदीच्या पलीकडच्या मुलखासाठी 1787 चा जो वटहुकूम निघाला, त्यातही तेच. अमेरिका जमीनदारांची न होता छोट्या शेतकऱ्यांची झाली, ती यामुळे. पटत नसेल तर मुद्द्याला धरून बोला.

खोडकर_खोत

साफ असहमत. हे सगळे कायदे मृत्युपत्र न करता मेलेल्यांसाठी. ज्याच्याकडे वाटण्यासारखं काही होतं तो म्हातारा कागद करून ठेवायचा, आणि त्यात हवं त्याला हवं ते द्यायचा.

दुसरं, व्हर्जिनिया म्हणजे अख्खी अमेरिका नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला सगळं हा प्रकार नव्हताच. 1641 च्या त्यांच्या कायद्यात थोरल्याला दुप्पट वाटा, बाकीच्यांना एकेक. हे त्यांनी थेट बायबलच्या जुन्या करारातून उचललं. तीन मुलगे, दोन मुली असतील तर मालमत्तेचे सहा भाग करायचे आणि दोन थोरल्याला द्यायचे. 1789 पर्यंत हे चाललं. म्हणजे जेफरसनने जी गोष्ट थट्टेवारी नेली, तीवर तिकडची गावंच्या गावं दीडशे वर्षं नांदत होती.

आणखी एक मेख. 1692 च्या कायद्यात सोय होती की तुकडे केल्याने शेताचा नासच होणार असेल, तर सगळं शेत एकाला द्यायचं, पहिला मान थोरल्याचा, आणि त्याने बाकीच्यांना पैसे मोजायचे. समान वाटणी कागदावर, शेत एकाच्या ताब्यात.

भालचंद्र_आ

@खोत, पण ती दुप्पट वाट्याची पद्धतसुद्धा लंडनच्या मर्जीवर होती, त्याचं काय? कनेक्टिकटात जमीन असलेले वेट विन्थ्रॉप 1717 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे मुलगा जॉन आणि मुलगी ॲन. तिथल्या कायद्याने जॉनला दोन भाग, ॲनला एक. जॉनला तेवढंही सोसेना. लंडनला जाऊन बसला आणि 1728 मध्ये राजाच्या मंडळाकडून कनेक्टिकटचा तो कायदाच रद्द करून आणला. सख्ख्या बहिणीचा तिसरा हिस्सा बुडवायला एवढा समुद्रप्रवास!

खोडकर_खोत

आणि दहाच वर्षांनी, 1738 मध्ये, त्याच मंडळाने मॅसॅच्युसेट्सचा तसाच कायदा उचलून धरला. अर्धीच गोष्ट सांगू नका.

सई_लँकेस्टर

पेनसिल्व्हेनियात राहते, इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला वाचायची खोड लागली आहे. तुम्ही दोघं मुलांचीच वाटणी मोजताय. मला त्यात सगळ्यात बोलकी वाटते ती विधवेची कलमं.

कायद्याने तिला जमिनीच्या तिसऱ्या हिस्स्याचा हक्क, तोही हयातीपुरता. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. पण मृत्युपत्रात नवरा बारीकसारीक लिहितो: अमुक खोली तिची. स्वयंपाकघरातून ये-जा करायची मोकळीक. पाव भाजायला भट्टी, विहिरीपर्यंतची वाट. एक गाय, तिचा उन्हाळ्या-हिवाळ्याचा चारा मुलाने घालायचा. सरपण फोडून दाराशी आणून टाकायचं. वर्षाला इतका गहू, इतका मका, सफरचंदाची दारू इतकी पिंपं. आणि बहुतेकदा शेवटी: हे सगळं ती विधवा राहील तोवर. दुसरं लग्न केलं की खोलीही गेली आणि गायही.

पोटच्या मुलाने आईला विहिरीवर जाऊ द्यावं, हे बापाला लिहून ठेवावं लागतं. घरात विश्वास किती होता ते कळलंच.

नाना_वाईकर

सई, तुमचं वाचन उलटं वाटतं. लिहिलं म्हणून अविश्वास होता असं कसं? लिहिलं म्हणून ती बाई कोर्टात उभी राहू शकत होती. 'आईला सांभाळ' एवढं मोघम बोलून डोळे मिटणाऱ्यांपेक्षा सरपण कुठे टाकायचं हे लिहिणारा बाप बरा.

शिवाय सगळीकडे तिसराच हिस्सा नव्हता. सतराव्या शतकात मेरीलँड-व्हर्जिनियात हिवतापाने माणसं तरुणपणी मरत, मुलं लहान असत. तिथे नवरे बायकोला तिसऱ्या हिस्स्यापेक्षा जास्त देत, मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याचकडे सोपवत. पुढे माणसं जास्त जगू लागली, मुलं हाताशी आली, तशी ही मोकळीक आटत गेली.

अबोली

मुलींना 'सारखं' मिळालं म्हणजे काय मिळालं, ते तरी बघा. जमीन मुलग्यांना, मुलींना चीजवस्तू. पिसांचा बिछाना, चादरी, किटली, एखादी गाय, चरखा. आणि लग्न झालं की ह्या चीजवस्तूसुद्धा कायद्याने नवऱ्याच्या. मिसिसिपीचा 1839 चा आणि न्यूयॉर्कचा 1848 चा कायदा येईपर्यंत विवाहितेच्या नावावर काही राहणं मुश्कील.

म्हणूनच मॅसॅच्युसेट्सच्या हॅडली गावातलं एक लाकडी कपाट मला विसरता येत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत मालकिणीचं नाव रंगवलंय: हॅना बार्नर्ड. माहेरचं नाव, आडनावासकट. तिचं 1715 मध्ये लग्न झालं, 1717 मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. कायद्याने कपाट नवऱ्याचं झालं, पण नाव तिचंच राहिलं. आज ते मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या आपल्याकडच्या बहिणींची आठवण झाली, पण तो विषय इथे नको.

खोडकर_खोत

अबोली, +१.

भालचंद्रराव, 'छोटे शेतकरी' कसे होते ते मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरमध्ये बघा. 1646 चं गाव. पहिले वसाहतवाले सत्तरी ओलांडेपर्यंत जगले, आणि जगले तोवर जमिनीचा कागद हातातून सोडला नाही. मुलगा सत्ताविशीच्या आसपास लग्न करायचा, बापाच्याच जमिनीवर घर बांधायचा, तीच कसायचा. कागद मात्र त्याच्या नावावर नाही. कित्येकांना तो बाप मेल्यावरच मिळाला. चाळिशीचा बाप्या, चार पोरांचा धनी, आणि गळ्यात म्हाताऱ्याचं दावं. हा स्वतंत्र शेतकरी?

भालचंद्र_आ

ती पहिली-दुसरी पिढी. तिसऱ्या पिढीला वाटायला जमीनच पुरेना. मग कुणाला रोख, कुणाला धंद्याचं शिक्षण, आणि बरेच जण गाव सोडून न्यू हॅम्पशरला, पुढे व्हरमाँट, ओहायोला. दावं आपोआप तुटलं. समोर मोकळी जमीन होती म्हणून…

किरण_म

'मोकळी'? ती मूळ रहिवाशांची होती. तिकडे जमीन बळकावत गेलात म्हणून इकडे भावाभावांत भांडण न होता वाटणी जमली.

आणि व्हर्जिनियातल्या गुलामांबद्दल अजून कोणी एक अक्षर काढलं नाही. 1705 च्या कायद्याने तिथे गुलाम माणसं वारसाहक्कापुरती स्थावर मालमत्ता ठरवली होती. जमिनीसारखी ती वारसांकडे जायची. आता जेफरसनची सारखी वाटणी लावा. थोरल्याला सगळं मिळायचं तेव्हा ती माणसं निदान एका मालकाकडे राहण्याची शक्यता होती. पाच वारस झाले की पाच वाटे. आई एका वाट्यात, पोर दुसऱ्यात. गोऱ्यांच्या घरातला न्याय वाढला तसतशी दुसऱ्यांची घरं फुटली.

भालचंद्र_आ

हे वजनदार आहे. तरी कारण गुलामगिरी, वाटणी नव्हे. थोरल्याकडे सगळं राहिलं असतं तरी कर्ज झालं की तो माणसं विकतच होता.

किरण_म

विकत होताच. पण वाटणी व्हायला कर्जबाजारी व्हावं लागत नाही, मालक मेला की पुरे.

सई_लँकेस्टर

इथल्या जर्मन शेतकऱ्यांचं सांगायचं राहिलं. शेत अखंड एका मुलाला, आणि बाकीच्या भावंडांचे पैसे त्याने वर्षानुवर्षं हप्त्याने फेडायचे. शिवाय आईचा गहू आणि सरपण आहेच. खोत म्हणतात शेत एकाच्या ताब्यात गेलं, पण त्याच्यासोबत भावंडांचं कर्जही त्याच्याच मानेवर. एखाद्या वर्षी पीक बुडालं तरी बहिणीचा हप्ता चुकत नसे. त्यापेक्षा रोख रक्कम घेऊन ओहायोला निघालेला भाऊ मला जास्त नशीबवान वाटतो.

नाना_वाईकर

आणि हप्ता थकला तर ती बहीण काय करणार? लग्न झालेलं, म्हणजे वसुली नवऱ्याने करायची आणि पैसाही त्याचाच. वर अबोलीने लिहिलंय ते पुन्हा वाचा.