अनुभव धागा: कानातले इअरफोन टिकवायचे कसे? आपापलं सांगा

धंतोलीकर

इअरफोन कोणता घ्यावा हे सगळे विचारतात, घेतलेला टिकवायचा कसा हे कोणीच विचारत नाही, म्हणून हा धागा. पाचशेचा असो की पाच हजारांचा, शेवट एकच, एका साइडचा आवाज जातो, मग काही दिवस वायर पिळून धरून ऐकायचं, मग नवीन आणायचा अन् जुना खणात टाकायचा. मला हे मनापासून खटकतं. पैशाचं तर आहेच, पण त्या खणातले बरेच इअरफोन मेलेलेच नसतात.

माझं ठाम मत आहे की इअरफोन वयाने जात नाही, ठरलेल्या जागीच जातो. पिन जिथे वायरीला मिळते तो गळा, दोन्ही कानांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो सांधा, अन् कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडावरची बारीक जाळी. वायरलेसवाल्यांनी वायरीच्या जागी बॅटरी अन् चार्जिंगचे पॉइंट धरा. एवढं सांभाळलं तर बाकी फारसं काही बिघडत नाही. माझा वायरवाला कॉलेजपासूनचा आहे अन् अजून ठणठणीत आहे, कारण काढताना पिनेचं बूड धरूनच काढतो, वायर ओढत नाही. खिशात फोन ठेवताना पिनेचं तोंड वर, म्हणजे बसलो तरी पिन मांडी अन् खिशाच्या शिवणीमध्ये दबत नाही.

तर तुमचा कुठे गेला, कशाने गेला, अन् काय केल्यावर टिकला ते सांगा. नुसतं 'चांगला ब्रँड घ्या' असं नको.

बर्डीचा सोल्डरवाला

भाऊ, चांगला विषय काढला. मी रिपेअरिंगचंच काम करतो त्यामुळे हे रोज पाहून राहिलो. गिऱ्हाईक येते अन् म्हणते एक साइड बंद, नवीन द्या. मी पहिले त्याच्या फोनचं भोक पाहतो. खिशातला कापूस अन् धूळ पिनेनेच आत दाबून दाबून तळाशी घट्ट बसलेली असते, पिन पूर्ण आत जातच नाही, मग एकाच कानात येते नाहीतर खरखर येते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूहळू तो कचरा काढला की बरेचदा तिथेच काम होते. सुई, टाचणी घालू नका, आतल्या पत्त्या वाकतात.

मग जाळी पाहतो उजेडात धरून. ती साफ असली तरच वायरीवर येतो. कोणाच्या बोलण्याचं काहीतरी लावायचं, अन् पिनेपासून सुरू करून वायर थोडी थोडी वाकवत वर जायचं, जिथे आवाज तुटतो किंवा परत येतो तिथेच तार तुटली. बहुतेक वेळा पिनेपासून दोन बोटांच्या आत सापडते. आतल्या तारा फार बारीक असतात, पत्रा एकाच जागी मागेपुढे वाकवला की तुटतो तशा एकेक करून तुटत जातात, म्हणून आवाज एकदम जात नाही, आधी येतो-जातो.

घरी जोडायला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. या तारांवर रंगीत वार्निश असते. नुसती वायर सोलून तारा पिळल्या तर करंट जातच नाही, अन् लोक समजतात इअरफोनच गेला. इस्त्रीवर (आम्ही सोल्डरिंगच्या गनला इस्त्री म्हणतो) सोल्डरचा गरम थेंब घ्यायचा, त्यात तारेचं टोक धरायचं, वार्निश जळते, थोडा धूर निघते अन् तारेला कल्हई चढते. मग जोडायची. बहुतेक इअरफोनमध्ये लाल तार उजवी, हिरवी डावी अन् तांब्याच्या रंगाची ग्राउंड असते, पण मीटर लावून पाहिल्याशिवाय जोडू नका. तुटलं ते पिनेजवळ असेल तर नवीन पिन लावून देता येते, खर्चही फार नाही. कानातल्या भागाच्या आत तुटलं असेल तर अवघड, ते कवच गोंदाने चिकटवलेलं असते.

संत्राबर्फी

मी हिंगणा एमआयडीसीत जॉबला आहे, रोज टू-व्हीलर. गाडीवर कानात काहीच घालत नाही हे आधीच सांगते आणि तुम्हीही घालू नका. पण लंच टाइमसाठी बड्स (वायर नसलेले छोटे इअरफोन) सोबत असतात, आणि आपल्या नागपुरात बड्सचा खरा शत्रू डिक्की आहे. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ डिग्री गेलं होतं, नवतप्यात ४५ तर आपण नेहमीच बघतो, आणि हे सगळं सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीची सीट उघडल्यावर जो भपका येतो त्यात लिथियम बॅटरी तासन् तास शेकते. एकदम बंद पडत नाही, पण आधी पाच तास चालायची ती दोनवर येते आणि आपल्याला वाटतं कंपनीने फसवलं. आमच्या ऑफिसात एकीच्या बड्सचा तर जोड उघडला, आतला गोंदच सुटला होता.

मी बड्सची चार्जिंगची डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात, दुपट्ट्याच्या घडीत ठेवते. टिफिनच्या पिशवीत नाही, कारण थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, डबी हाताला गार लागली की मग. बहुतेक लिथियम सेलच्या माहितीपत्रकात ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असंच लिहिलेलं असतं. आणि खूप दिवस वापरायचे नसतील तर साधारण अर्धे चार्ज करून ठेवावे, पूर्ण रिकामे ठेवले तर कधीकधी नंतर चार्जच घेत नाहीत.

खापरी टू बर्डी

मी मेट्रोनं येतो रोज. सीताबर्डीच्या इंटरचेंजले संध्याकाळी गर्दी अशी रायते का कोनाच्या बॅगच्या चेनमंधी वायर अडकली का कानातून झटक्यात निघते अन् पहिला झटका त्या सांध्यालेच बसते. आता मी वायर शर्टाच्या आतून घेतो, वरच्या गुंडीपाशी क्लिप लावतो, बाहेर फक्त कानापासचा भाग. तवापासून एकबी तुटला नाही. आमच्या हॉस्टेलचे पोट्टे फोनभोवती गच्च गुंडाळून ठेवतेत, पिनेपाशी काटकोनच होते तिथं, त्यांचा सेमिस्टरभर टिकला तं लय झालं.

कीबोर्ड_नागपूर

गच्च गुंडाळण्यावरून लिहितो. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, देशपांडे सभागृह, सुरेश भट सभागृह, लग्नाची लॉन, सगळीकडे कानात इन-इअर असतात. साउंडवाल्या दादांनी केबल गुंडाळायची जी रीत शिकवली तीच मी इअरफोनला वापरतो. डाव्या हाताच्या चार बोटांवर पहिला फेर नेहमीसारखा घ्यायचा, दुसऱ्या फेराला उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत वायर उलटी फिरवून आतल्या बाजूने आणायची, तिसरा परत सरळ, चौथा परत आतून. फेर सैल, तळहाताएवढे. असं केलं की वायरीला पीळ बसत नाही, सोडली की गाठ न होता सरळ उलगडते. सुरुवातीला हात अडखळतो, मग न बघता होतं. पिनेजवळची चार बोटं वायर कधीच गुंडाळायची नाही, ती मोकळी लोंबू द्यायची.

माझ्यात वायर वेगळी निघते. अशा इअरफोनमध्ये मुख्यतः दोन प्रकार, एक ०.७८ मिमीच्या दोन पिनांचा, दुसरा एमएमसीएक्स, म्हणजे गोल, कट् करून बसणारा आणि फिरणारा. दोन पिनांचा सरळ ओढायचा, पिळला की पिना वाकतात. एमएमसीएक्सचं सारखं काढघाल केलं की ढिला होतो. वायर वेगळी निघते म्हणून रोज काढून ठेवणारे बरेच बघितलेत. ती गेली की बदलता यावी म्हणून निघते, रोज काढायला नाही.

अजून एक, कानात घालताना दाबून कोंबू नका. रबर कानात हवाबंद बसतं, जोरात दाबलं की इअरफोनच्या आतल्या पडद्यावर हवेचा दाब येतो, बारीक कट् असा आवाज येतो तो तोच. कान किंचित वर ओढून, थोडं फिरवत घालायचं, काढतानाही थोडं फिरवून आधी हवा आत जाऊ द्यायची. बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक असतं ते हवेसाठी आहे, कचरा समजून टोचू नका.

फुटाळा_वॉकर

घाम. बस एवढंच कारण माझ्या माहितीतल्या निम्म्या बड्सचं. डब्यावर पाणी किती सहन होते त्याचं रेटिंग असते, आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे सहन होतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही टेस्ट साध्या पाण्याची आहे, घामात मीठ असते. चालून आलो की आधी कोरड्या सुती रुमालाने पुसतो, रबर काढून तेही पुसतो, थोडा वेळ उघडे ठेवतो अन् मगच डबीत. ओले डबीत टाकले की लगेच चार्जिंग सुरू होते, अन् ओल्या पॉइंटमधून करंट गेला की ते काळे-हिरवे पडतात. मग तक्रार काय, एकच बड चार्ज होत नाही. तसं झालं असेल तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल (लवकर उडून जाणारं स्पिरिट) घेऊन बड अन् डबी दोन्हीकडचे पॉइंट हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. माझे असेच परत सुरू झाले.

मानेवाडा

माझे बाबा पहाटे हरिपाठ लावतात, बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून इअरफोनवर. त्यांना वाटलं उजवा कान कमी ऐकू यायला लागला. डॉक्टरकडे जायचं ठरत होतं, तेवढ्यात मी दोन्ही बाजू अदलाबदल करून कानात घालायला सांगितलं, तर कमी आवाज डाव्या कानात गेला. म्हणजे कान नाही, इअरफोन. जाळी पाहिली तर मळाने पूर्ण बुजलेली. रबर काढलं, जाळीचं तोंड खाली धरलं म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो, आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हळू हळू झटकलं. आवाज परत आला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळल्यावरच लावलं, ओलं लावलं की पाणी जाळीत जातं.

दुसरं म्हणजे तेल. बाबा डोक्याला खोबरेल लावतात, वायर कानामागून जाते, ती तेलाने आणि घामाने काही महिन्यांत कडक होते आणि मग वाकवली की तडकते. आता आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने वायर पुसून घेते. आणि घरात प्रत्येकाचा वेगळा इअरफोन, किमान रबर तरी वेगळं, कान दुखला की तो सगळ्यांना लागू नये.

उमरेड रोड

सगळ्यांचं वाचलं, खूप कामाचं आहे. एक अर्जंट विचारायचं होतं, मुलाच्या पँटच्या खिशातून वायरवाला इअरफोन वॉशिंग मशीनमधून निघाला आज सकाळी. आई म्हणते तांदळाच्या डब्यात ठेव, आमचे हे म्हणतात कूलरसमोर टांग. काय करू?

बर्डीचा सोल्डरवाला

ताई दोन्ही नको. तांदळाचं पीठ जाळीतून आत जाते, अन् कूलरची हवा दमट असते, त्यात वाळणार नाही. फोनला लावून पाहू नका अजिबात. रबर काढा, साबण राहिला असेल तर साध्या पाण्याच्या फडक्याने बाहेरून पुसा, जाळी खाली करून हलकेच झटका, अन् कूलर नसलेल्या खोलीत पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, उन्हात नाही. नवीन बुटाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात सोबत ठेवा. वाळल्यावर एका साइडला आवाज कमी वाटला तर जाळीत साबण अडकला असेल, वरच्या ताईंनी सांगितला तसा ब्रश मारा. नाहीच जमलं तर बर्डीला घेऊन या, उघडून पाहू.