कुंडीतील बुटक्या टोमॅटोच्या फळांचे बूड काळे पडते

प्रश्न (गच्चीवरील बाग, जुळे सोलापूर)
सप्टेंबरअखेरीस मी बुटक्या जातीच्या टोमॅटोची सहा रोपे ८ इंची कुंड्यांत लावली; शेतातली काळी माती आणि शेणखत निम्मेनिम्मे घातले. झाड मोकळे राहावे म्हणून पानांच्या बेचक्यातले फुटवे नेमाने खुडत आलो. आता डिसेंबरात रोपे दीड फुटावर थांबली आहेत, प्रत्येकी जेमतेम चार-पाच फळे धरली आहेत आणि निम्म्यांचे बूड काळे पडून चामड्यासारखे झाले आहे. अंड्याची टरफले कुटून घातली, उपयोग झाला नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी कुंड्या भरपूर भिजवतो, एरवी प्रत्येकीला तांब्याभर घालतो. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर (होटगी रस्ता)
आपल्याकडे द्राक्षबागांमुळे बगलफुटी काढण्याची सवय सर्वांच्याच हाताला आहे, पण ती इथे नडली. उंच वेलीसारख्या टोमॅटोचा शेंडा वाढतच राहतो, म्हणून त्याचे फुटवे काढणे ठीक. बुटक्या जातीचा शेंडा मात्र फुलांच्या घोसात संपतो, आणि पुढची सगळी फळे याच बगलफुटींवर लागतात. त्या खुडल्या म्हणजे पीकच खुडले. जमिनीला टेकणारी खालची पिवळी पाने तेवढी काढावीत.

काळे बूड हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच पोहोचते, आणि पाण्यात खंड पडला की आधी टोक उपाशी राहते. सोलापूरच्या चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियमला तोटा नाही, त्यामुळे टरफलांवर भरवसा ठेवू नये. ती कुजायलाही फार काळ लागतो. खरा दोष कुंडीच्या मापाचा आणि मातीचा. काळी माती वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, ओतलेले पाणी त्या भेगेतून थेट तळाच्या छिद्राबाहेर जाते, आणि आपण समजतो की कुंडी भिजली. किमान १२ इंच रुंद व तेवढीच खोल कुंडी घ्यावी, काळी माती तिसऱ्या हिश्शावर आणावी आणि उरलेल्या जागेत गांडूळखत व कोकोपीट भरावे. वर दोन बोटे जाडीचे उसाचे पाचट पसरावे. साठवणीच्या पिंपातून रोज सकाळी थोडे, पण न चुकता पाणी द्यावे.

उत्तर (विजापूर रस्ता)
वरील सर्व मान्य; भर फक्त वेळेची. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर राहू लागले की फुले गळतात, आणि आपल्याकडे ती वेळ मार्चमध्येच येते. नवी रोपे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावावीत. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ ही बुटकी जात लवकर तोडणीला येते. बुटक्या झाडाला आधार लागत नाही असे सांगतात, ते मला पटत नाही. फळांच्या भाराने फांदी कुंडीच्या काठावर चेपते, म्हणून हातभर काठी रोवावीच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज नळाचे पाणी आले होते. कुंड्या भिजवल्यानंतर तासाभराने एक उपडी करून पाहिली. बाहेरचा बोटभर थर ओला होता, आत मुळांचा गोळा भाकरीच्या पिठासारखा कोरडा होता. उद्या १२ इंची कुंड्या आणतो आणि राहिलेल्या रोपांचे फुटवे तसेच वाढू देतो.